गिअरबॉक्स, वॉरंटी आणि जॉबकार्ड

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर, देवी अहिल्याबाईंवर, नाट्यसंगीतावर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. गिअरबॉक्सवर बोलणारा मी बहुधा पहिलाच. विषय आपल्या सचिवांनी सुचवला, त्यामुळे कंटाळा आला तर तक्रार त्यांच्याकडे करावी.

पण विषय सुचण्याला कारण आहे. मंडळाच्या आवारात लागणाऱ्या गाड्यांत हल्ली ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच वाढल्या आहेत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला राजवाड्याच्या गर्दीत सारखा क्लच दाबायचा कंटाळा येतो. आणि आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "अहो, गाडी दुसऱ्या गिअरला थरथरते, काय असेल हो? आणि हे वॉरंटीत बसतं का?"

मी वकील नाही आणि कोणत्या कंपनीचा माणूसही नाही. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या एका खात्याच्या वाहन कार्यशाळेत नोकरीला लागलो. वीसेक वर्षं जीप, ट्रक आणि त्यांचे कागद हेच माझं काम आहे. आज बोलणार आहे तेही या दोन गोष्टींवरच, गाडीवर आणि कागदावर.

आधी गाडी. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवताना वेग आणि जोर यांचा मेळ घालण्याचं काम गिअरबॉक्स करतो. मॅन्युअल गाडीत गिअर आपण बदलतो, क्लच आपण दाबतो. एएमटीमध्ये गिअरबॉक्स तोच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक यंत्र करतं. २०१४ साली सेलेरिओ आली आणि हा प्रकार आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत रुळला. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा, पुलीची रुंदी बदलते तसा वेग बदलतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून पुढे जाते, म्हणून तो गर्दीत शांत चालतो. आणि ड्युअल क्लचमध्ये एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. गिअर झटकन बदलतो, पण त्यातला कोरडा क्लच गोगलगायीच्या चालीने चालणाऱ्या गर्दीत तापतो.

बिघाड सहसा एका दिवसात होत नाही. गाडी आधी सांगत असते. सुटताना थरथर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धक्का, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच न होणं, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही असं होणं, मॅन्युअल गाडीत गिअर टाकताना करकर आवाज, डॅशबोर्डवर मध्येच लागणारा आणि गाडी बंद करून चालू केली की विझणारा दिवा. शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. दिवा विझला की आपल्याला वाटतं, चला, सुटलो.

आता वॉरंटी. वॉरंटी म्हणजे कंपनीने लिहून दिलेलं, मुदतीचं वचन आहे. अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. त्या मुदतीत साहित्याचा किंवा बनावटीचा दोष निघाला तर भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ, एवढंच ते वचन असतं. गिअरबॉक्समधले गिअर, शाफ्ट, बेअरिंग, सिंक्रोनायझर, गिअर बदलणारं यंत्र आणि त्याचं कंट्रोल युनिट हे साधारणपणे त्यात येतं. क्लच प्लेट मात्र बहुतेक पुस्तिकांत झिजणाऱ्या वस्तूंत धरलेली असते, ब्रेक पॅड आणि वायपरसारखी. म्हणून भांडण नेमकं इथेच होतं. कंपनी म्हणते क्लच झिजला, ग्राहक म्हणतो गिअरबॉक्स बिघडला.

आणखी दोन गोष्टी पुस्तिकेत बघून ठेवा. वॉरंटीत बदललेल्या भागाला बहुतेक वेळा नवी मुदत मिळत नाही, मूळ मुदतीतली उरलेली तेवढीच मिळते. आणि विकत घेतलेली वाढीव वॉरंटी हा वेगळा करार असतो. त्याची भागांची यादी वेगळी, सर्व्हिसिंगच्या अटी वेगळ्या. जुनी गाडी घेत असाल तर ती आपल्या नावावर कशी करायची, हे व्यवहाराच्या आधीच विचारून घ्या.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आम्ही सरकारी माणसं आवक-जावक, टिपणी, फाइल यांवरून बरीच थट्टा सहन करतो. पण आमच्या कचेरीतला एक नियम तुम्ही घरी घेऊन जा. जे फाइलवर नाही, ते झालेलंच नाही. गाडीच्या बाबतीत ही फाइल म्हणजे जॉबकार्ड.

माझ्या नात्यातल्या एका काकांची हकिगत सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले, आलेल्या पैशांतून हौसेने ड्युअल क्लचची गाडी घेतली. वॉरंटी दोन वर्षांची. आठव्या महिन्यापासून गर्दीत दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली. सर्व्हिस सेंटरवर सांगितलं तर उत्तर मिळालं, "अंकल, ये तो इस मॉडल का नेचर है." तीन वेळा गाडी दाखवली. तिन्ही जॉबकार्डांवर लिहिलं होतं, जनरल चेकअप, ओके. दोन वर्षं दोन महिने झाले आणि उज्जैनच्या रस्त्यावर गाडी अडकली, गिअरच पडेना. दुरुस्तीचा अंदाज एक लाख चाळीस हजार. आणि वॉरंटी संपलेली.

काका मला म्हणाले, "अरे, मी तर पहिल्यापासून सांगतोय!" खरंच सांगत होते. पण सर्व्हिस सेंटरच्या कागदांत त्यांचं एक अक्षरही नव्हतं. वाचवलं ते मोबाइलने. काकूंनी सर्व्हिस ॲडव्हायझरला वेळोवेळी मेसेज पाठवले होते, "गाडी आज पुन्हा थरथरली," असे. त्यावर त्याची उत्तरं होती, "नेक्स्ट सर्विस में देख लेंगे." दोन व्हिडिओही होते. सगळं मुदतीतलं, तारखेसह. आम्ही बसून एक तक्ता केला. तारीख, किलोमीटर, तक्रार, मिळालेलं उत्तर. तो जोडून कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र लिहिलं, प्रत डीलरला. पत्रात एकच म्हणणं होतं की हा बिघाड आजचा नाही, वॉरंटीतला आहे, आणि त्याची खबर तुम्हाला मुदतीत दिली होती. सहा-सात आठवडे गेले. कंपनीने भागांची किंमत सोसली, मजुरीचे बावीस हजार काकांनी भरले. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. जॉबकार्डवर पहिल्या दिवशी चार शब्द असते तर ते बावीस हजारही गेले नसते.

म्हणून जॉबकार्डवर सही करण्याआधी ते वाचा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "गिअरबॉक्स चेक" एवढं पुरेसं नाही. "गाडी तापल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या खालच्या वेगात थरथरते" असं लिहिलेलं हवं. ॲडव्हायझरला शेजारी बसवून चक्कर मारा आणि थरथर त्यालाही दाखवा. स्कॅनर लावला तर त्यात आलेल्या दोषांच्या कोडची छापील प्रत मागा. काही सापडलं नाही म्हणाले तर तेही लिहून घ्या. "ग्राहकाची तक्रार अशी, तपासणीत दोष आढळला नाही" हा कागदसुद्धा पुढे उपयोगी पडतो, कारण तक्रारीची तारीख त्यात असते. आणि त्याच संध्याकाळी कंपनीला दोन ओळींची ईमेल पाठवा.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपल्या कागदांचं काय चालणार? ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण सांगतो. तिथे फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. गाड्या थरथरत. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांना अनेकदा सांगितलं जाई की तुमच्या चालवण्यामुळे असं होतं. गिअरबॉक्समधल्या अडचणींची कंपनीला मात्र कल्पना होती. तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गाडीबद्दल नव्हे, तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल. "तुमच्या चालवण्यामुळे" हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. ते ऐकलं की शांतपणे म्हणायचं, "साहेब, हेच लिहून द्या."

आपल्याकडचा कायदाही जाणून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, जिथे तक्रार क्लचचीच होती, असं म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही. म्हणून पहिल्याच पत्रात "नवी गाडी द्या" असं लिहून मोकळे होऊ नका. २०१० मध्ये फिएटच्या एका प्रकरणात मात्र न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली आणि मूळचा उत्पादनदोष निघाला तर किंमत परत करावी असं ठरवलं. म्हणजे पैसे परत मिळू शकतात, पण दोष मुळातला आहे हे सिद्ध व्हावं लागतं. आणि २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की डीलरने विक्रीत केलेल्या गोष्टीला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. यातून घ्यायचं ते असं की तक्रार करताना डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगाकडेच चालते. ५ ते १० लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. जो दोष चाचणीशिवाय कळणार नाही, त्यासाठी आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकालाची मुदत कायद्यात ३ महिने, चाचणी लागली तर ५ महिने. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ही मनाची तयारी ठेवा. पण एक मुदत विसरू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. "बघू, करू" यात दोन वर्षं कशी जातात ते कळत नाही.

ग्राहक म्हणून आपली बाजूही स्वच्छ हवी. सर्व्हिसिंग वेळेवर करा, बिलं एका फाइलमध्ये ठेवा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं ते पुस्तिकेप्रमाणे करा. बाहेरून इंजिनाची ताकद वाढवून घेऊ नका, वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं. भेरूघाटात किंवा पुलाच्या चढावर एएमटी किंवा ड्युअल क्लच गाडी ॲक्सिलरेटरवर थोपवून धरू नका, ब्रेक लावा. मॅन्युअल गाडीत क्लचवर पाय ठेवून बसू नका. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर दोर लावून ओढू नका, पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रक मागवा, नाहीतर चांगला गिअरबॉक्स ओढताना खराब व्हायचा. आणि अनंत चतुर्दशीला झांक्या बघायला गाडी घेऊन निघूच नका. त्या रात्रीच्या गर्दीत गाडीपेक्षा आपले पाय बरे.

आपल्या मंडळात पिथमपूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली मंडळी आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, दोन-तीन वकीलही आहेत. गिअर कळणारा, हिशेब कळणारा आणि कायदा कळणारा, तिघं एकाच सभागृहात बसतात. कुणाला असं पत्र लिहायचं असेल तर एकट्याने लिहू नका. रविवारी सकाळी ग्रंथालयात मी असतो. येताना गाडीची पुस्तिका आणि सगळी जॉबकार्डं घेऊन या. चहा मंडळाचा असेलच.