नाव जपानी, पण मशीन कुठले?



लग्नसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. पिको-फॉलचे काम घ्यायचे आहे, झिगझॅग मशीन पाहिजे, अंतर्गत कर्ज द्या. नवे मशीन परवडत नाही, म्हणून ताईंनी जुने बघून ठेवलेले असते. दुकानदाराने सांगितलेले असते, "ताई, ओरिजिनल जपानी आहे, डोळे झाकून घ्या." जुने जपानी झिगझॅग मशीन डोळे उघडे ठेवून कसे ओळखायचे, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी झिगझॅग म्हणजे काय ते बघू. साध्या मशीनची सुई फक्त वर-खाली होते. झिगझॅग मशीनची सुई वर-खाली होताना डावी-उजवीकडेही झुलते, म्हणून टाका नागमोडी पडतो. साडीच्या काठाला आपण जो पिको करतो, तो मुळात हाच टाका, फक्त बारीक आणि दाट. येवल्याची पैठणी असो की रोजची सिंथेटिक साडी, कापलेली कड उसवू नये म्हणून हा टाका लागतो. अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईंनी १८७३ साली अशा टाक्याच्या मशीनचे पेटंट घेतले. म्हणजे आपल्या पोटापाण्याच्या या टाक्यामागे एका बाईचे डोके आहे.

आता जपानकडे येऊ. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानचे कारखाने मोडकळीला आले होते. शिलाई मशीन बनवणाऱ्यांनी तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली. सिंगर कंपनीच्या 'वर्ग १५' या जुन्या मशीनची ठेवण सगळ्यांनी मिळून घेतली आणि भागांची मापे एकसारखी ठरवली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या मशीनला बसू लागला. एकेकट्याने न झेपणारे काम छोट्या कारखान्यांनी मिळून पेलले. गट म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ही मशीन जहाजे भरभरून अमेरिकेला गेली. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्यांवर आपापली नावे लावली. एकाच घडणीचे मशीन, पण एकावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे. पुढे १९५०च्या दशकात याच कारखान्यांतून झिगझॅग मशीनही निघू लागली. परदेशात आज ही जुनी मशीन हौसेने जमवणारे लोक आहेत. ते सगळ्यात आधी हेच शिकतात की कपाळावरच्या नावावरून मशीन कोणी बनवले ते कळत नाही. त्यासाठी मशीन उलटून बघावे लागते.

उलटल्यावर काय बघायचे? पोटाखाली किंवा मागच्या बाजूला 'मेड इन जपान' असे इंग्रजी अक्षरांत कोरलेले किंवा पट्टीवर छापलेले आहे का ते बघा. त्या काळच्या पुष्कळ मशीनवर इंग्रजी जे-ए किंवा जे-सी ही अक्षरे आणि पुढे आकडा उठवलेला सापडतो. ही कारखान्याची खूण. 'ऑक्युपाइड जपान' असे लिहिलेले असेल, तर ते मशीन १९५२ किंवा त्याआधीचे, कारण त्या वर्षी जपानवरचा परका ताबा संपला.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कंपनी जपानी असणे वेगळे आणि मशीन जपानमध्ये बनलेले असणे वेगळे. ब्रदर, जुकी, जानोमे या तिन्ही कंपन्या जपानच्या. पण त्यांचे कारखाने इतर देशांतही आहेत. जानोमेची पुष्कळ मशीन तैवान आणि थायलंडमध्ये बनतात. ती वाईट असतात असे मुळीच नाही. पण 'जपानी' या एका शब्दासाठी दुकानदार जास्तीचे पैसे मागत असेल, तर ती खूण त्याने दाखवलीच पाहिजे.

आता मशीन झिगझॅगच आहे ना, ते तपासू. सुईखालच्या पट्टीचे भोक बघा. साध्या मशीनला गोल भोक असते, झिगझॅगला आडवी फट असते. फुटाची फटही रुंद असते. टाक्याची रुंदी कमी-जास्त करायला एक बटण किंवा दांडी असते. ती शून्यावर ठेवली की सरळ टाका आला पाहिजे. मग हाताने चाक फिरवत रुंदी वाढवत जा. सुई दोन्ही बाजूंना झुलली पाहिजे आणि पट्टीला कुठेही घासता कामा नये.

दुकानात जाताना पिशवीत चार गोष्टी न्या. सुती कापड, सिंथेटिक साडीचा तुकडा, आपला नेहमीचा दोरा आणि घरगुती मशीनची चपट्या दांड्याची नवी सुई. मोठ्या कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते. म्हणून कोणती सुई लागते आणि ती आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळते का, हे आधी विचारा. बॉबिन आणि डबीचेही तेच. टाका घालून बघताना एकाच बाजूचा टाका सुटत असेल, तर शटल आणि सुईचा मेळ बिघडलेला आहे. कधी तो मिस्त्री लावून देतो, कधी भाग झिजलेला असतो. 'घरी नेल्यावर बसेल' असे म्हणून कोणी मशीन देत असेल, तर उठा.

वरचे झाकण उघडायला लावा. जुन्या मशीनमध्ये आतले सगळे धातूचे असते. नंतरच्या काही मशीनमध्ये प्लॅस्टिकचे गिअर आहेत. ते जुने झाले की तडकतात आणि मिळायला अवघड जातात. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशीनमध्ये तेल सुकून घट्ट झालेले असते. अशा वेळी चाक जड फिरते, पण साफ करून तेल दिले की बहुतेक वेळा मोकळे होते. म्हणजे जड चाकाला घाबरू नका, तडकलेल्या गिअरला घाबरा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, वीज. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते, अमेरिकेत १२० च्या आसपास. आपल्याकडे २३० व्होल्ट. तिकडची मोटर आपल्या प्लगला सरळ लावली तर जळते, आणि जुनी वायर तडकलेली असेल तर शॉक बसतो. मोटरवरच्या पट्टीवर व्होल्टचा आकडा असतो. तो वाचल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. आपल्या विजेची मोटर बसवून घेता येते. चाकाला पट्ट्याची खाच असेल, तर स्टँडवर बसवून पायानेही चालवता येते. भारनियमनाच्या गावात तेच सोयीचे.

मागच्या वर्षी आमच्या गटात असेच एक कर्ज मागितले गेले. नवऱ्याचे काम सुटलेले, दोन मुले शाळेत, हप्ता पिकोच्या पैशातूनच फेडायचा. त्या ताईंबरोबर गटाच्या दोघी बघायला गेल्या. पहिले मशीन चकाचक रंगवलेले, पण डाव्या बाजूचा टाका सुटत होता. ते सोडले. दुसरे कळकट होते, नाव कोणी ऐकलेले नव्हते. पण उलटल्यावर जपानची खूण सापडली, आतले गिअर लोखंडी, टाका एकसारखा. मोटर मात्र १०० व्होल्टची होती. नव्या मोटरचा खर्च किमतीतून वजा करायला लावला, पावतीवर मशीनचा नंबर लिहून घेतला. कर्ज मंजूर करताना इतिवृत्तात तोच नंबर नोंदवला. आज त्या ताई हप्ता वेळेवर भरतात, आणि गावातल्या साड्या पिकोसाठी तालुक्याला जायच्या थांबल्या आहेत.

जुने मशीन घेणे कमीपणाचे नाही. पण गटाचे कर्ज म्हणजे दहा जणींची बचत. कुणी मोलमजुरी करून, कुणी द्राक्षाच्या बागेत उन्हात राबून ती भरलेली असते. ती नुसत्या नावावर उधळायची नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एक वही घाला. कोणाच्या घरी कोणते मशीन आहे, माहेरून आलेले असो की विकत घेतलेले, त्याचे नाव, नंबर, पोटाखालची खूण, लागणारी सुई आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री, सगळे लिहा. माळ्यावर धूळ खात पडलेले मशीनही खाली काढून बघा. गरज असलेल्या मैत्रिणीला ते गावातच मिळून जाईल आणि कर्जही लहान लागेल. एकीला अडलेला भाग दुसरीच्या बंद मशीनमधून मिळेल. आणि कर्जाचा अर्ज समोर आला की "मशीन कोणत्या कंपनीचे?" एवढ्यावर थांबू नका. "उलटून बघितले का?" हेही विचारा.