स्वस्त महाविद्यालयाचे मोल

स्वस्त ते हलके, असा आपला एक जुना समज आहे. भाजी, कापड, भांडी यांच्या बाबतीत तो पुष्कळदा खरा ठरतो आणि म्हणूनच फारसा विचार न करता आपण तो शिक्षणालाही लावतो. ज्या महाविद्यालयाची फी जबर, तेथील शिक्षण उंची. ज्याची फी माफक, ते अन्यत्र प्रवेश न मिळालेल्यांचे आश्रयस्थान, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. आज ज्या संस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांनी हा समज खोटा ठरवण्याचा प्रयत्न गेले शतकभर चालवला आहे. अमेरिकेत त्यांना ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. सोयीसाठी आपण त्यांना लोकमहाविद्यालये म्हणू.

शिकागो शहरानजीक जोलिएट या गावी १९०१ साली अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाचा आरंभ झाला. त्या वेळी विद्यार्थी होते अवघे सहा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा संस्थांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि मग त्यांची वाढ झपाट्याने झाली. त्यांचे स्वरूप साधे आहे. शालान्त शिक्षण पुरे केलेल्या कोणालाही बहुधा गुणांची अट न घालता प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तो पुरा करून कोणी परिचारिका होतो, कोणी तंत्रज्ञ, कोणी हिशेबनीस; आणि ज्याला पुढे शिकावयाचे असेल तो विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाची वाट धरू शकतो. सरकारी विद्यापीठांच्या मानाने येथील फी सरासरीने निम्म्याहूनही कमी असते.

या प्रयोगाचे यश आणि त्याच्या मर्यादा पाहावयाच्या असतील, तर न्यूयॉर्क शहरासारखे दुसरे उदाहरण नाही. तेथील नागरिकांनी १८४७ साली मतदान करून, शहराच्या खर्चाने चालणारी ‘फ्री अकॅडमी’ स्थापण्यास संमती दिली. पुढे तिचाच विस्तार होऊन शहराचे स्वतःचे विद्यापीठ उभे राहिले. शंभरांहून अधिक वर्षे दिवसाच्या वर्गांना बसणाऱ्या शहरवासी विद्यार्थ्यांकडून तेथे शिक्षणशुल्क घेतले जात नसे. १९७० साली तर त्या विद्यापीठाने शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला आपल्या एखाद्या महाविद्यालयात जागा देण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी क्वीन्स विभागातील कारखान्यांच्या वस्तीत, एका जुन्या औद्योगिक इमारतीत ‘लाग्वार्डिया’ हे लोकमहाविद्यालय सुरू झाले. प्रत्यक्ष नोकरीतील अनुभव हा तेथील अभ्यासक्रमाचाच भाग होता. आजही त्या महाविद्यालयात नाना देशांतून आलेल्या निर्वासितांची आणि कष्टकऱ्यांची मुले एका बाकावर बसून शिकतात.

परंतु १९७५ साली न्यूयॉर्क नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ पासून विद्यापीठात शिक्षणशुल्क सुरू झाले. विद्यार्थ्यांची संख्या हजारोंनी घटली. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, फी हीच गरिबाच्या शिक्षणातील एकमेव धोंड. ती दूर केली की वाट मोकळी. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. पुढील काळात गरीब विद्यार्थ्यांना केंद्र व राज्य शासनाकडून अनुदाने मिळू लागली आणि त्यांतील पुष्कळांची फी परस्पर भरली जाऊ लागली. तरीही ही मुले मध्येच शिक्षण सोडीत राहिली. फी भरलेली असता मुलगा महाविद्यालय का सोडतो?

त्याचे उत्तर शहराच्या जीवनात आहे. शहरात घर आणि महाविद्यालय यांच्यामध्ये आगगाडीचे भाडे उभे असते. पुस्तकांची किंमत कधीकधी एका सत्राच्या फीशी स्पर्धा करते. सकाळी नऊचा एक वर्ग आणि दुपारी तीनचा दुसरा असला, तर मधला वेळ ना कामाचा ना विश्रांतीचा. कोणता विषय घ्यावा हे सांगणारे घरात कोणी नसते. चुकीचा विषय घेतला की एक सत्र वाया जाते आणि एक सत्र वाया गेले की मन खचते. यांपैकी एकही अडचण फीच्या पावतीवर छापलेली नसते.

न्यूयॉर्कच्या विद्यापीठाने २००७ साली आपल्या लोकमहाविद्यालयांत एक योजना सुरू केली, ती नेमकी या न छापलेल्या खर्चांसाठी. तिच्यात सहभागी होणाऱ्या विद्यार्थ्याला आगगाडीचा व बसचा पास मिळे, पुस्तके मिळत, आणि अनुदान भागून उरलेली फी माफ होई. त्यांचे वर्ग शक्यतो लागोपाठच्या तासांत ठेवले जात. इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागाराकडे सहाशेहून अधिक मुले सोपवलेली असत. येथे एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच असत, म्हणजे तो त्यांना नावाने ओळखू शके. उलट विद्यार्थ्यावरही बंधन होते: त्याने पूर्ण वेळ शिकले पाहिजे आणि सल्लागाराला नियमाने भेटले पाहिजे.

या योजनेची परीक्षा काटेकोरपणे झाली. सुमारे नऊशे गरीब विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला योजनेचा लाभ मिळाला, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तीन वर्षांच्या अखेरीस नेहमीच्या गटातील शंभरांपैकी बावीस विद्यार्थी पदवी मिळवू शकले होते. योजनेतील शंभरांपैकी चाळीस. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांनी पुढे हाच प्रयोग केला, तेव्हा तेथेही असाच ठळक फरक दिसला.

श्रोतेहो, माझ्यासारख्या शासकीय नोकराचे लक्ष या अहवालातील आणखी एका हिशेबाकडे वेधले जाते. योजनेतील दर विद्यार्थ्यामागे महाविद्यालयाचा खर्च साठ टक्क्यांहून अधिक वाढला. अंदाजपत्रकावर लाल शाईची रेघ ओढण्यास एवढे कारण पुरेसे आहे. परंतु तोच खर्च पदवी मिळवणाऱ्यांच्या संख्येने भागला, तेव्हा दर पदवीमागे तो कमी भरला. शेतकरी पेरलेल्या बियाण्याचा हिशेब ठेवतो, पण त्यावरून तो सुगी कशी झाली हे ठरवीत नाही; खळ्यावर धान्याची रास किती पडली हे तो पाहतो. शिक्षणखात्याच्या कागदांत मात्र वर्षारंभी पटावर किती नावे आली याचीच नोंद ठळक असते. पटावरून गळलेल्या मुलावर झालेला खर्च आपण खर्ची घालतो आणि त्याला काटकसर म्हणतो.

ज्या न्यूयॉर्क शहराची ही हकीकत आहे, त्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले होते. त्यांच्यासारख्या बुद्धिमंतालाही शिष्यवृत्तीची मुदत संपताच, १९१७ साली, लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि स्नेह्यांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि तो अभ्यास त्यांनी पुरा केला. पुढे १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा त्याचे वर्ग सकाळच्या वेळी ठेवण्यात आले. हेतू हा की, विद्यार्थ्याने शिकावे आणि नंतर दिवसभर नोकरीही करावी. पोटासाठी राबणाऱ्याला पैशाइतकाच वेळ महाग असतो, हे ओळखून केलेली ती योजना होती. न्यूयॉर्कची योजना पूर्ण वेळ शिकणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे नोकरी न सोडू शकणारा तिच्याबाहेर राहतो. सिद्धार्थने त्याच्यासाठी घड्याळच बदलले. दोन्ही उपाय आवश्यक आहेत, कारण गरज दोन प्रकारची आहे.

आपल्या देशात कम्युनिटी कॉलेज हे नाव नवे राहिलेले नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे महाविद्यालय सुरू केले आणि २०१३ साली केंद्र शासनाने त्यांच्यासाठी योजनाही आखली. नाव आले, ते टिकेलही. तथापि अशा संस्थेचे मोल ठरवताना तिची फी किती, एवढे विचारून थांबू नये. तेथे पोचण्यास भाडे किती पडते, वर्ग कोणत्या वेळी भरतात, ग्रंथालयातील पुस्तक घरी नेता येते काय, अडलेल्या मुलाने कोणाकडे जावे, आणि शंभर आले त्यांतील किती पुरे शिकून बाहेर पडले, हे पाच प्रश्न विचारावे. ते विचारावयास मोठी समिती नेमावी लागत नाही.

न्यूयॉर्कच्या त्या उत्तम योजनेतही शंभरांपैकी साठ जण तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचले नाहीत, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. काम कठीण आहे. पण ज्या अठरा जणांची पदवी या साहाय्यामुळे साधली, त्यांची बुद्धी आधीही तीच होती. त्यांना कमी पडला होता तो एक पास, काही पुस्तके आणि नावाने ओळखणारा एक मनुष्य. एवढ्यासाठी ज्या समाजाला आपली मुले गमवावी लागतात, त्याने शिक्षण स्वस्त केले असे म्हणता येणार नाही.