पोराला आधी विचारा, जेवलास का?

(वर्धापनदिनी आजरा येथे झालेल्या भाषणावरून)



आम्ही प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभे राहून पायाला गोळे आलेले कामगार. वाचन झाले ते रात्रपाळी सुटल्यावर. तेव्हा मोठ्या कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलांच्या डोक्यावरच्या ओझ्याविषयी आम्ही घरातलीच गोष्ट सांगणार.

आमचा थोरला कोल्हापूरला इंजिनिअरिंगला गेला. घराण्यातला पहिलाच. आम्ही दर रविवारी फोन करायचो. पहिला प्रश्न, "टक्के किती पडले?" दुसरा, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तू किती करतोस?" दुसऱ्या वर्षी पोरगं दिवाळीला आलंच नाही. आम्ही रागावून बसलो. त्याची आई मात्र डबा बांधून एकटीच एस.टी.त बसली. खोलीवर पोरगं दिवसाढवळ्या अंधार करून पडलेलं. चार विषय राहिलेले, सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. "आई, बाबांना तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणालं.

बंधूंनो, ते ओझे इंग्रजी पुस्तकांचे होते, उशिरा येणाऱ्या शिष्यवृत्तीचे होते, खानावळीच्या थकलेल्या पैशाचेही होते. पण सर्वांत जड धोंडा आम्हीच ठेवला होता, आणि तोही बाबासाहेबांचे नाव घेऊन! ही चूक आम्ही भरसभेत कबूल करतो.

बाबासाहेबांचे चरित्र आम्ही अर्धेच सांगतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. त्याच वर्षी त्यांची पुस्तके नेणारे जहाज बुडाले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसा साठवून १९२० साली ते पुन्हा गेले. राजर्षी शाहू महाराजांनीही मदतीचा हात दिला. एवढे करून डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो पुन्हा सादर केला, तेव्हा १९२३ साली पदवी मिळाली. परत आलेला प्रबंध म्हणजे नापास झालेला माणूस नव्हे, हे आम्ही पोराला कधी सांगितलेच नाही.

गिरणीत धागा तुटला म्हणून धाग्याला कुणी शिव्या देत नाही. मशीनचा स्पीड बघतात, हवेतला ओलावा बघतात, आणि धागा पुन्हा जोडतात. भगवान बुद्धांनीही सोण भिक्षूला हेच सांगितले. वीणेची तार फार ताणली तर नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही.

मात्र सगळेच घरात सुटत नाही. हैदराबादेत रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली. जातीवरून छळ झाला, हे गाऱ्हाणे घेऊन त्या दोघांच्या माता २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. तेव्हा पोरांनो, कुणी जातीवरून टोचून बोलले तर गप्प गिळू नका. तारीख-वार लिहून ठेवा, लेखी तक्रार करा, आम्हाला सांगा. आम्ही सोबत येऊ.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात राम नाही असे वाटू लागले, तर तो कमकुवतपणा समजू नका. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तसेच इथेही जायचे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट आहे, मराठीतही बोलता येते.

आमची एक सूचना आहे. सुट्टीत गावी आलेल्या थोरल्या मुलांनी विहारात बसावे. फॉर्म कसा भरायचा, वसतिगृह नाही मिळाले तर स्वाधार योजनेचा अर्ज कुठे करायचा, राहिलेला विषय कसा काढायचा, हे धाकट्यांना सांगावे. नापास झालेल्यानेही इथे मान वर करून यावे.

आमच्या पोराला एक वर्ष जादा लागलं, पण पदवी झाली. आता आम्ही फोनवर पहिल्यांदा विचारतो, "जेवलास का रं?" टक्क्यांचं तो आपणहून सांगतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे खरेच. पण शिकणारं लेकरू आधी जगलं पाहिजे. एवढे बोलून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!