स्वमग्न मूल, चंचल मूल आणि गावची शाळा

(गंगापूर रोड, नाशिक येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिक शहरात अशोकस्तंभापाशी सुरू होणारा गंगापूर रस्ता आनंदवली, सोमेश्वर ओलांडून गंगापूर गावाकडे जातो आणि तेथून पुढे गोवर्धन, दुगाव, गिरणारे या गावांची वाट धरतो. त्याच्या शहराकडील टोकाला दवाखाने, महाविद्यालये व शिकवण्यांचे वर्ग यांची दाटी आहे. दुसऱ्या टोकाला द्राक्षांचे मळे, टोमॅटोचा बाजार आणि जिल्हा परिषदेच्या शाळा. अंतर फारसे नाही. परंतु एका टोकाला ‘ऑटिझम’ हा शब्द कानी पडतो, आणि दुसऱ्या टोकाला त्याच मुलाला ‘येडं’ म्हणून हाक मारतात. लाज मात्र दोन्हीकडे सारखीच. बंगल्यातले मूल लग्नकार्यास नेले जात नाही, मळ्यातले मूल शाळेत धाडले जात नाही, एवढाच काय तो फरक.

गिरणाऱ्याच्या बाजूच्या एखाद्या शाळेतील तिसरीचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. हा कोणा एका शाळेतला मुलगा नव्हे. थोड्याफार फरकाने तो अनेक वर्गांत बसलेला असतो. टोमॅटोच्या क्रेटला कोणत्या दिवशी काय भाव फुटला, हे तो महिनाभर मागचे सांगतो. पण आपली वही कोठे ठेवली हे त्याला सांगता येत नाही. वर्गाबाहेरच्या चपला तो ओळीने लावतो व एखादी कोणी हलविली की आकांत मांडतो. स्वतःची चप्पल मात्र वरचेवर हरवतो. नाव घेतले तरी ओ देत नाही. पाढे चालू असताना उठून खिडकीशी जातो. पत्र्यावर पाऊस वाजू लागला म्हणजे कान झाकून कोपऱ्यात बसतो. गुरुजी म्हणतात, मुलगा द्वाड आहे. आजी म्हणते, सुनेने ग्रहण पाळले नाही. भाऊबंद म्हणतात, घरात वळण नाही. आई काहीच म्हणत नाही.

या मुलाच्या ठिकाणी दोन गोष्टी एकत्र नांदत असण्याचा पुष्कळ संभव आहे. पहिली स्वमग्नता. मेंदूच्या घडणीतच असलेले हे वेगळेपण बोलणे-चालणे, इतरांशी देवाणघेवाण, ठरावीक गोष्टींची ओढ आणि आवाज, स्पर्श, उजेड यांची जाणीव यांत दिसून येते. (हा शब्द थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला कोणी नको आहे, असा ग्रह त्याने होतो; वस्तुतः अशा कित्येक मुलांना सवंगडी हवे असतात, त्यांच्यात शिरावे कसे हे उमगत नाही.) दुसरी गोष्ट अवधानाची उणीव व अतिचंचलता, जिला डॉक्टर मंडळी एडीएचडी म्हणतात. दोन्ही वेडही नव्हेत आणि मतिमंदत्वही नव्हेत, जरी काही मुलांत बुद्धीची वाढही मंद असू शकते.

घोटाळा होतो तो असा की लक्षण एकच दिसते आणि कारणे दोन असतात. हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल घ्यावे. चंचल मुलाचे मन त्या क्षणी दुसरीकडे उडालेले असते. स्वमग्न मुलाला हाक ऐकू येते, परंतु ती आपल्यासाठी आहे व तिला उत्तर द्यायचे असते हे त्याला आपोआप कळत नाही. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडण्याचेही तसेच: एकाला धीर धरवत नाही, दुसऱ्याला आपली पाळी केव्हा हे ओळखता येत नाही. आणि दोन्ही एकत्र असली म्हणजे ती एकमेकींना झाकतात. चपलांची ओळ पाहून कोणी म्हणतो, हा तर टापटिपीचा, याचे अवधान ठीक आहे. हरवलेली वही पाहून दुसरा म्हणतो, हा नुसता धांदरट आहे. मुलींच्या बाबतीत तर दोन्ही बहुधा नजरेतून सुटतात, कारण गप्प बसलेली मुलगी गुणी समजली जाते.

तज्ज्ञांचीही येथे चूक झालेली आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका जगभर वापरली जाते. तिच्या १९९४ च्या आवृत्तीनुसार स्वमग्न ठरलेल्या मुलाला अवधान-उणिवेचे निदान वेगळे देता येत नव्हते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही आडकाठी काढण्यात आली. स्वमग्न मुलांपैकी किती जणांत दुसरी गोष्टही असते याचे आकडे पाहणीगणिक बदलतात. परंतु चौथ्या हिश्श्याहून कमी ते सहसा निघत नाहीत, काही पाहण्यांत निम्म्याच्याही वर जातात.

आणि दोष कोणाचा, या प्रश्नात तर विद्वानांनी गावच्या आजीलाही मागे टाकले. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली चंचल, अनावर मुलांचे वर्णन केले, ते नैतिक संयमाची उणीव या नावाने. बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्वमग्नतेची स्वतंत्र ओळख जगाला मुख्यत्वे त्यावरून झाली. परंतु त्याच लेखात आईबापांच्या कोरडेपणाविषयी शेरे होते, आणि पुढे त्यांतून बर्फासारख्या थंड मातांचा सिद्धान्त वाढला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून हे जैविक कारणाने घडते, आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही, असे मांडले. तरी १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांचा मातांनाच दोष देणारा ग्रंथ निघाला व गाजला. आज तो सिद्धान्त कोणी जाणता मानीत नाही. ग्रहणात चिरलेली भाजी, लागलेली नजर आणि थंड माता ही तिन्ही एकाच माळेतली होत. स्वमग्नतेत व चंचलतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि त्यात कोणाचा गुन्हा नाही.

लाजेने काय होते, हे नाशिकला नवे नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली येथे मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, तेव्हा मुले मिळवण्याआधी पालकांच्या मनातील संकोचाशी झगडणे हेच अशा कामाचे पहिले पाऊल होते. आज तो संकोच हक्काच्या आड येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रात किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची तरतूद आहे. एडीएचडी मात्र त्या २१ प्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणजे ज्या मुलात दोन्ही आहेत, पण ज्याची केवळ चंचलताच कोणाच्या लक्षात आली, तो यांतील कशालाही पात्र ठरत नाही. उलट केवळ स्वमग्नताच पाहिली, तर अवधानासाठी मिळू शकणारी मदत राहून जाते. अवधान-उणिवेसाठी तज्ज्ञ डॉक्टर काही मुलांना औषध देतात व त्याचा उपयोगही होतो. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही, आणि ते आहे असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून पालकांना सावध करणे हे शिक्षकाचे काम आहे.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. शाळा-तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकापुढे मुलाला आणणे, गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळविणे आणि पालकांना त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयाची वाट दाखविणे, हे मात्र त्याचेच आहे. दरम्यान वर्ग चालूच असतो. येथे खरी अडचण अशी की या मुलाच्या दोन गरजा एकमेकींविरुद्ध ओढतात: स्वमग्नतेला रोजचा तोच क्रम हवा, चंचलतेला नवेपणा हवा. यास्तव दिवसाचा क्रम फळ्याच्या कडेला चित्रांनी काढून ठेवावा व तो मोडायचा असल्यास आधी सांगावे. क्रमाच्या आतले काम मात्र छोटे, बदलते ठेवावे. क्रेटचे भाव हेच त्याचे अंकगणित होऊ द्यावे. बसून थकला की खडू आणावयास पाठवावे. पाऊस वाजू लागला तर कान झाकू द्यावेत. डोळ्यांत पाहून उत्तर दे, असा आग्रह धरू नये. छडीचा तर प्रश्नच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंद केली आहे, आणि ‘येडं’ हा शब्द वर्गात चालू देणे हाही त्याच कायद्याने निषिद्ध केलेला मानसिक छळच होय.

अवधान-उणिवेचे निदान करताना डॉक्टर घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणची हकीकत विचारतात. शाळेची हकीकत आईला ठाऊक नसते. म्हणून पंधरा दिवस एका वहीत नोंद ठेवावी. तीत विशेषणे नकोत. ‘फार त्रास देतो’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘पोषण आहाराची भांडी वाजू लागली तेव्हा उठला, कान झाकले, दहा मिनिटांनी परत बसला’ यावरून कळते. ‘गोष्ट चालू असताना तीनदा उठला, भांडी वाजत नव्हती’ ही नोंद त्याहून वेगळी, आणि ती शेजारीच असावी.

ही वही घेऊन घरी जाताना मळ्यातील काम सुटल्यावर, ओसरीवर शेजारीपाजारी नसतील अशी वेळ पाहावी. मुलाला काय येते, ते प्रथम सांगावे. आजीला बाहेर बसवू नये. रुग्णालयात जायचे की नाही, हे पुष्कळ घरांत तिच्या शब्दावर ठरते.