वेगवान यंत्रें आणि अवघड कोडें

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारांत बैलजोडी विकून कोणी बिटकॉइनचें यंत्र घेऊं म्हणेल, तर त्यानें आधीं हा हिशेब ऐकावा. बिटकॉइन मिळविणें म्हणजे अफाट आंकडेमोड करून कोडें सोडविणें होय. २००९ सालीं तें साध्या संगणकावर सुटे. २०१३ पासून केवळ त्याच कामाच्या चिपा निघाल्या. परंतु उत्तर सरासरी दहा मिनिटांनींच यावें, असा नियम आहे. म्हणून दर २,०१६ उत्तरांनंतर, सुमारें पंधरवड्यानें, यंत्रांचा एकूण वेग वाढला असल्यास कोडें अवघड होतें. घटला असल्यास सोपें. एका उत्तराचें नवें बक्षीस एप्रिल २०२४ पासून ३.१२५ नाणींच आहे. सर्वांनींच वेगवान यंत्र घेतलें, तर कोणाचाहि वाटा वाढत नाहीं; जुन्या यंत्राचा मात्र विजेचा खर्चहि निघेनासा होतो. बैलांचा दावा सोडण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.