पाटी कुणाच्या नावाची

(वस्तीतल्या मैदानावर पोरापोरींच्या सभेत केलेलं भाषण)



पोरं म्हणाली, दादा, गल्लीला वस्तादांचं नाव द्यायचंय, दोन शब्द बोला. दोन शब्दांत भागणार नाही. नीट बसा.

वस्तादांना ओळखत नाही असं इथं कुणी नाही. १९८२ च्या संपात गिरणी गेली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हापासून हा माणूस म्युन्सिपाल्टीच्या दिव्याखाली कबड्डी शिकवायला लागला. गुत्त्यावर गेलेल्या पोराला बखोटीला धरून मैदानात आणायचा. आपण अर्ज केला, तर कचेरीतून उत्तर आलं की सदर व्यक्तीच्या कार्याचा पुरावा जोडावा. पुरावा इथं मांडी घालून बसलाय. त्याला फाइलीत कसं टाचायचं?

आता लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत शिकागो नावाचं शहर आहे. तिथं १९८४ पासून रस्त्यांना मानाची नावं देतात. हॅरॉल्ड वॉशिंग्टन हा त्या शहराचा पहिला काळा महापौर, त्याच्या काळात हे सुरू झालं. रस्त्याचं मूळ नाव हिरव्या पाटीवर तसंच राहतं, मानाचं नाव तपकिरी पाटीवर येतं. पत्ता बदलत नाही, नकाशा बदलत नाही, पोस्टमनला त्रास नाही. त्यामुळं गल्लीतला धर्मगुरू, पोरांना खेळ शिकवणारा मास्तर, अशांनाही पाटी मिळू शकते. नगरसेवकानं प्रस्ताव आणायचा, सभेनं मंजूर करायचा. चांगली सोय आहे. मानाला खर्च कमी.

या शहराजवळ मेवुड नावाचं गाव आहे. तिथं फ्रेड हॅम्प्टन हा काळा पोरगा वाढला. बेसबॉलचं वेड, मोठ्या संघातून खेळायचं स्वप्न. पण गावातल्या काळ्या पोरांना उन्हाळ्यात पोहायला जागा नव्हती. शेजारच्या गावात तलाव होता, तो गोऱ्यांसाठी. हॅम्प्टननं तरुणांची संघटना बांधली आणि आमच्या गावात आमच्या पोरांसाठी तलाव बांधा म्हणून मोर्चे काढले. वय किती, तर अठरा-एकोणीस.

पाण्यासाठी मोर्चा! १९२७ चं महाड ज्यांच्या रक्तात आहे त्यांना मी वेगळं काय सांगू?

पुढं १९६८ मध्ये हा पोरगा ब्लॅक पँथरमध्ये गेला. शाळेत जायच्या आधी गरीब पोरांना फुकट न्याहारी द्यायचं काम केलं. काळे, पोर्तोरिकन आणि गरीब गोरे यांची एकजूट बांधली. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलीस मनरो स्ट्रीटवरच्या त्याच्या घरात घुसले. नव्वदच्या वर गोळ्या पोलिसांच्या, आतून सुटली फक्त एक. फ्रेड हॅम्प्टन अंथरुणातच मेला, वय एकवीस. मार्क क्लार्क नावाचा साथीदारही मेला, वय बावीस. तेरा वर्षांनी सरकारी पक्षांनी साडेअठरा लाख डॉलर देऊन खटला मिटवला. तीन वर्षांनी, १९७२ ला, मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं, ते यांच्याकडून.

तर २००६ साली याच मनरो स्ट्रीटच्या एका तुकड्याला हॅम्प्टनचं मानाचं नाव द्यायचा प्रस्ताव आला. बातमी फुटली आणि पोलिसांची संघटना उठली. आमच्यावर हत्यार उचला म्हणणाऱ्याचं नाव रस्त्याला? झालं, पाटी लागली नाही. आणि याच शहरानं २००० साली बायकांची उघडी चित्रं छापून श्रीमंत झालेल्या ह्यू हेफनरला मानाची पाटी दिली होती. त्याला पुरावा जोडायला लागला असेल का, मला शंका आहे.

हे ऐकून हसू नका. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पालवणकर बाळूंचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. चार. बरं. चांभाराच्या घरचा पोरगा, पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सारखी करायचा आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायचा. इतका भारी, की पुण्याच्या हिंदू संघाला त्याला घ्यावंच लागलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यातून. १९११ ला हिंदी संघ इंग्लंडला गेला, तिथं बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदूंचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. पी म्हणजे काय, विचारा कुणालाही.

कुणीतरी मागून म्हणेल, दादा, बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. राहिले, आणि पडले. मला ते खुपतं. पण त्या मातीच्या भांड्यातला चहा तेवढ्यानं गोड होत नाही. माणूस सगळा घ्यायचा, चुकीसकट. आपले वस्तादही पोरींना पहिली कैक वर्षं मैदानात उतरू देत नव्हते. पोरींनी दोऱ्याच कापल्या, भांडण केलं, तेव्हा हा माणूस वरमला. हेही आज इथं बोललं पाहिजे.

नावाला आपण किती किंमत मोजली, हे तुमच्या आजोबांना विचारा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही अर्धं जुनं ठेवून. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं ठरवलं की महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावं काढून समतानगर, भीमनगर करायची. चांगलं झालं. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना पोराचा हात अडखळायचा, तो अडखळू नये. पण भीमनगरात नळाला पाणी किती वाजता येतं?

म्हणून हॅम्प्टनची गोष्ट अर्धी राहिली ती पुरी करतो. रस्त्यानं त्याला नाकारलं, पण मेवुडमध्ये तलाव झाला आणि त्या तलावाला नाव आहे फ्रेड हॅम्प्टनचं. २००७ मध्ये तिथं त्याचा अर्धपुतळा बसला. उन्हाळ्यात पोर पाण्यात उडी मारतं ते त्याच्या नावात.

आता आपल्या या मैदानाचं बघा. मागची भिंत कुणी बांधली? फाटकाला कुलूप कुणाचं? मला त्या गल्लीच्या पाटीचं वावडं नाही, लावा. पण कचेरीला दुसरा अर्ज जाईल तेव्हा त्यात मैदानाला वस्तादांचं नाव मागा आणि कुलपाची किल्ली मागा, एकाच कागदावर. आज ज्या पोरांनी फक्त गल्ली मागितली त्यांच्या अंगावर उद्या तीच पाटी टाकून, मान दिला ना, आता मैदानाचं काय बोलता, असं म्हणायला लोक मोकळे होतील.

मंजुरीची वाट बघत बसू नका. रंगवणारा ठरलाय. पाटीवर वस्ताद एवढंच लिहायचं की पूर्ण नाव आडनावासकट, यावर कालपासून तुमचे दोन गट पडलेत. माझं मत पूर्ण नावाचं, पी. बाळूसारखं व्हायला नको. काकूंना विचारा, बाहेरगावच्या संघांना तीस वर्षं त्यांनीच भाकऱ्या थापून घातल्या, शेवटचा शब्द त्यांचा. आणि काय ते रविवारच्या आत मिटवा, तो रंगवणारा आगाऊ पैसे मागतोय.

जयभीम.