भिंतींच्या आत घडलेला आवाज



क्रिकेटचं धावतं वर्णन करताना दोन चेंडूंच्या मध्ये समालोचकाला श्वास घ्यायला सवड मिळते. फुटबॉलमध्येही चेंडू रेषेबाहेर गेला की क्षणभर उसंत असते. पण चेंडू सहसा बाहेर जातच नाही, अशा खेळाचं वर्णन कसं करायचं?

अमेरिकेतल्या इनडोअर सॉकरच्या समालोचकांनी हे आव्हान पेललं. 22 डिसेंबर 1978 रोजी मेजर इनडोअर सॉकर लीगचा पहिला सामना झाला. आइस हॉकीच्या रिंकमध्ये कृत्रिम हिरवळ अंथरायची. लांबी साधारण 200 फूट, रुंदी 85. गोलरक्षक धरून एका बाजूला 6 खेळाडू आणि 15 मिनिटांची 4 सत्रं. कडेला फळ्या, त्यांच्यावर काच.

त्या फळीवर चेंडू आपटतो, बचावपटूच्या पाठीमागून परत येतो. पास कुणी दिला हे सांगेपर्यंत तिसऱ्याने गोलवर मारलेलाही असतो. खेळ चालू असतानाच दमलेला गडी बाहेर येतो आणि ताजा गडी आत शिरतो. समालोचकाला तोही टिपावा लागतो.

पिट्सबर्ग स्पिरिट हा या लीगमधल्या पहिल्या 6 संघांपैकी एक. जे. पी. डेलाकॅमेरा या संघाचे सामने सांगत असत. 1986 मध्ये संघ बंद पडला, पण तिथे तयार झालेला आवाज पुढे गेला. 19 नोव्हेंबर 1989 रोजी त्रिनिदादमध्ये पॉल कॅलिजुरीच्या एकमेव गोलने अमेरिकेला 40 वर्षांनी विश्वचषकात नेलं, तेव्हा टीव्हीवर डेलाकॅमेराच बोलत होते. 10 जुलै 1999 रोजी रोझ बोलमध्ये 90,185 प्रेक्षकांसमोर महिला विश्वचषकाची अंतिम लढत पेनल्टीपर्यंत गेली. ब्रँडी चॅस्टेनच्या निर्णायक किकच्या वेळीही माईक त्यांच्याच हाती होता.

मी स्वतः कबड्डीचं वर्णन करतो, म्हणून मला या कामाची किंमत कळते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "डाव्या कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा पकडला" असं नीट वाक्य बांधत बसलो, तर तोवर चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेलेला असतो. म्हणून आधी "पकडला!" म्हणायचं, मग कुणी ते सांगायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. काय सोडायचं हे ज्याला कळलं, त्याला वर्णन करता आलं. ही शिकवण लहान मैदानावरच मिळते, कारण तिथे चुकलेला शब्द दुरुस्त करायला वेळच नसतो.

गल्लीतल्या मंडळाच्या सामन्यात कर्ण्यावरून बोलणाऱ्या मुलामुलींनो, समोर 50 माणसं असली तरी खेळाडूंची नावं आधी पाठ करा, उच्चार त्यांनाच विचारून घ्या. ज्याचं नाव तुम्ही घेता, त्याची आई त्या 50 जणांत बसलेली असते.